चौथ्या अर्जावर खरं लिहिलं

आमच्या जपानी वर्गाच्या बाईंनी मला वाचवलं, हे आधी सांगते. काय घडलं ते मग.

बाई सत्तरीच्या. जपानातल्या त्सुकुबात दर बुधवारी आम्हा परदेशी बायकांना फुकट शिकवतात. माझा नवरा इथे संशोधक. त्याच्या मित्रांच्या बायका एम.एस्सी., बी.ई. मी नववीत शाळा सोडलेली. आल्या आल्या एकीनं विचारलं तेव्हा तोंडातून ‘बी.कॉम.’ निघून गेलं, आणि चार वर्षं तेच चाललं.

मग एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम निघालं. तिथे अर्ज हातानं, पेनानं लिहायचा, शाळा-कॉलेजच्या सालांसकट. खाडाखोड चालत नाही, एक अक्षर चुकलं की नवा कागद. त्या बायकांतली एक मैत्रीण म्हणाली, “अगं, बी.कॉम. आहेस, घाबरतेस काय?” मी तेच लिहिलं. हाताला इतका घाम की चिकटवलेला फोटो सुटला. उद्या प्रमाणपत्र मागितलं तर? नवऱ्याच्या नोकरीवर बेतलं तर? दोन दिवस अर्ज पिशवीतच राहिला.

बुधवारी बाईंनी मोठ्यानं वाचायला पातळ पुस्तक दिलं. एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन वकिलाचं चरित्र, मुलांसाठी लिहिलेलं. तो शाळेत जेमतेम गेला. एका वकिलाच्या कचेरीत कागदांच्या नकला करत कायदा शिकला, पुढे विधिमंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला. सभेत कुणी ओरडलं, “कुठल्या कॉलेजचा रे तू?” तो म्हणाला, “कचेरीच्या. तिथला झाडूही मीच मारायचो.”

मी वाचता वाचता थांबले.

“शब्द कठीण आहे का?” बाईंनी विचारलं.

मी पिशवीतून अर्ज काढून पुढे ठेवला. शिक्षणाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हटलं, “हे खोटं आहे.”

बाई उठल्या. मला वाटलं, संपलं. त्या शेजारच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, कोऱ्या अर्जांचं पाकीट घेऊन आल्या. “लिहा. मी बसते.”

तीन कागद वाया गेले. चौथ्यावर नववी लिहिली.

मुलाखतीत पाळणाघराच्या मुख्य बाईंनी तो रकाना वाचला आणि थांबल्या. “सत्तर मुलांचं जेवण असतं. रोज लवकर याल?” एवढंच त्यांनी विचारलं.

काम मिळालं. मैत्रिणीला मात्र अजून सांगितलेलं नाही. ती समोर आली की मी विषय बदलते.

बाईंना हल्ली बारीक अक्षर दिसत नाही. ज्या दिवशी अजिबात दिसेनासं होईल, त्या दिवसापासून मी त्यांना वाचून दाखवीन. अडखळेन, पण रोज जाईन. त्यांचं हे ऋण फेडल्याशिवाय मी हा देश सोडणार नाही.