ताटाभोवतीची महिरप

दोन हजार चार साली ग्रीनकार्ड हातात पडलं आणि काम करायची मुभा मिळाली, तोवर शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या लाटत मला सहा वर्षं झाली होती. पुण्यात मी चित्रकला शिकवायचे, हे कुणाला सांगायचीही लाज वाटू लागली होती. त्या दिवाळीत दारातली माझी रांगोळी पाहून शेजारीण थबकली. ती साठीची अमेरिकन चित्रकार. एका फ्रेंच कारखान्यासाठी पोर्सलीनच्या जेवणाच्या प्लेट्स सजवायचं काम तिच्याकडे होतं. दोनशे संच काढून नक्षी कायमची बंद करणार होते.

"नक्षी तू काढ, रंग मी बघते," ती म्हणाली.

मी हो म्हटलं आणि घरात येऊन रडले. नवऱ्याला वाटलं, भारतातून काही वाईट बातमी आली.

कारखान्याने कोऱ्या प्लेट्स पाठवल्या. दोन आठवडे डायनिंग टेबल माझं; नवरा आणि मुलगी सोफ्यावर जेवले. कागदावर प्लेट ठेवून मी तिच्याभोवती वेली, कमळं, कुयऱ्या काढल्या. हात अजून वळतो, याचाच आनंद झाला.

शेजारीण आली. खूश झाली. मग तिने प्लेट उचलली. कागदावर नुसता कोरा गोल राहिला.

"प्लेटवर काय आहे?"

"जेवण!" मी म्हटलं, आणि माझीच जीभ चावली. आपल्याकडे सणाच्या पंगतीत महिरप ताटाभोवती काढतात. ताटात कोण चित्र काढतं? आता कारखान्याने काय माझं टेबल भट्टीत घालायचं?

"आई, यू फरगॉट द प्लेट!" मुलगी खिदळली.

नमुने पाठवायला चार दिवस उरले होते. मी कागद गुंडाळू लागले. "जाऊ दे, माझ्याच्याने नाही व्हायचं." शेजारीण चिडलीच. तरातरा घरी गेली आणि एक परातीएवढी प्लेट घेऊन आली. फ्रेंच लोक म्हणे जेवणाच्या प्लेटखाली अशी शोभेची प्लेट मांडतात. तिच्यावर आमची कोरी प्लेट ठेवली, तर भोवती महिरपीपुरतीच जागा उरली.

"एक प्लेट कमी पडत होती, एवढंच," ती म्हणाली.

रंगांवरून मात्र आम्ही कडाकडा भांडलो. तिला राखाडी हवा, मला हळदीकुंकवाचे. शेवटी गर्द निळ्यात हळदीची एक रेघ ठरली आणि कारखान्याने होकार कळवला.

वसंतात पहिला संच आला. मागे आम्हा दोघींच्या सह्या. मी वरणभात वाढला. एक ओघळ खालच्या प्लेटवर आलाच. "डिशवॉशरमध्ये नको हं," नवरा म्हणाला.

रांगोळीचा लोभ धरू नये, सकाळी ती केरात जाते, असं आई शिकवायची. साबणाचा हात मी अगदी हळू फिरवला. पाणी निथळलं. महिरप जागच्या जागी होती.

मी ती प्लेट पुन्हा एकदा धुतली.