मात्राबाई आणि कोरं पान

छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासल्यावर नजरेला जी खोड लागते, ती निवृत्तीनंतरही जात नाही. मात्राबाईंची तर मुळीच गेली नव्हती. हे नावही त्यांना छापखान्यानंच दिलेलं. काना-मात्रेची चूकसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नसे, म्हणून तिथली मंडळी आधी पाठीमागे आणि मग तोंडावर त्यांना मात्राबाई म्हणू लागली. "बाईंची मात्रा लागू पडली," असं म्हणत ती चुका दुरुस्त करत. बाईंनी कधी मनावर घेतलं नाही.

निवृत्तीनंतर महिनाभर घरात बसून त्या कंटाळल्या आणि वंशावळीच्या संकेतस्थळाकडे वळल्या. गावातली दहा-बारा हौशी माणसं ते चालवत होती. नगरपालिकेतल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांचे फोटो काढायचे, एकेक ओळ टाइप करायची आणि कुणालाही फुकट बघता येईल अशी ठेवायची, एवढंच काम. पणजोबा कोण, आजीचं माहेर कुठलं, हे शोधत कुठकुठली माणसं तिथे येत. टाइप केलेलं तपासणं बाईंकडे होतं. जिथे अक्षर लागत नसे तिथे त्या सरळ 'वाचता आलं नाही' असं लिहीत. अंदाजपंचे काही ठोकून देणं त्यांना पटत नसे. "कुणाच्या आजीचं नाव आपण कोण ठेवणार?" असं त्या म्हणत.

दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुरुवातीला संकेतस्थळाचं रूप बदललं. तांत्रिक बाजू बघणारी मुलगी आठवडाभर एका कंपनीत इंजिनीअर म्हणून राबायची आणि रविवार या कामाला द्यायची. तिनं चार महिने खपून सगळं नव्यानं बांधलं. नाव टाइप केलं की घराण्याचं झाड फांदी फांदी उलगडायचं. सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं, बाईंनीही. तीन महिन्यांत एकही तक्रार आली नाही.

मग वाचनालयाच्या पत्त्यावर एक पत्र आलं. वाचनालयाच्या माडीवर या मंडळींची बैठक भरायची, तिथेच बाईंनी ते वाचून दाखवलं. "आपलं संकेतस्थळ बंद झालं असल्यास तसं कळवावं, म्हणजे आम्ही रोज बघणार नाही. आमच्या संगणकावर नुसतं पांढरं पान येतं. आम्ही तिसऱ्या नोंदवहीच्या चारशे बाराव्या पानापर्यंत आलो होतो." खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त क्रेनचालक'. पत्ता गावाबाहेरच्या वृद्धनिवासाचा होता.

"संगणक जुना असेल," इंजिनीअर म्हणाली. "दहा-बारा वर्षांपूर्वीचा. असे आता शंभरात चारच उरलेत, काकू."

"शंभरात चार म्हणजे माणसं किती?"

तिनं आकडा काढला. "महिन्याला दोनशे ऐंशीच्या आसपास."

"मग दोनशे ऐंशी माणसं म्हण की!"

"पण कुणी तक्रार केली नाही ना."

"करणार कुठे? तक्रारीचा रकानाही त्याच कोऱ्या पानावर!"

कुणीतरी हसलं. इंजिनीअर हसली नाही. तिला ते चांगलंच लागलं होतं. बैठक उठली तशी तीच म्हणाली, "काकू, शनिवारी मला सुट्टी आहे. जाऊन बघू या?"

वृद्धनिवासाच्या वाचनखोलीत खिडकीशी करड्या रंगाचा संगणक होता. क्रेनचालक आजोबांनी तो सुरू केला आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले. शेजारी त्यांची बायको बसली होती. बऱ्याच वेळानं पडदा उजळला आणि त्यावर पांढरं पान आलं, त्यात कोपऱ्यात एक बारीकशी रेघ.

"हे असं," आजोबा म्हणाले. माझंच काही चुकतंय का, असा त्यांचा सूर होता. इंजिनीअर वाकून बघत राहिली. आपलंच काम तिनं पहिल्यांदाच असं पाहिलं असावं.

"नावं कागदावर छापून दिली तर चालतील का?" बाईंनी विचारलं.

"नावं नकोत हो. हिला अक्षर बघायचं असतं." आजोबांनी बायकोकडे पाहिलं. "हिचे वडील नगरपालिकेत कारकून होते. तिसरी नोंदवही सगळी त्यांच्या हातची. अलीकडे हिला कालचं आठवत नाही, कधीकधी मीही आठवत नाही. पण वडिलांचं अक्षर ओळखते. दुपारी आम्ही एकेक पान बघतो, तेवढा वेळ अगदी पूर्वीसारखी असते."

आजी बाईंकडे बघून हसल्या. "तुम्ही बाबांच्या हापिसातल्या का?"

"हो," बाई पटकन म्हणाल्या. जन्मभर चुका सुधारलेल्या बाईंनी ही एक तशीच राहू दिली.

परतीच्या बसमध्ये इंजिनीअरनं तिकिटाच्या पाठीवर काहीतरी खरडलं. मग म्हणाली, "ओळी आधी दिसायला हव्यात. फोटो लहान करून मागून. झाड सगळ्यात शेवटी, ज्याला झेपेल त्याच्यापुरतं."

"मला त्यातलं काही कळत नाही. पण माझ्याकडे एक खटारा आहे," बाई म्हणाल्या.

तो खटारा म्हणजे माळ्यावर पडलेला बाईंचा जुना संगणक. भंगारात द्या म्हणून त्यांच्या यजमानांनी किती दिवस टुमणं लावलं होतं. आता त्यांनाच तो खाली उतरवावा लागला. धूळ झटकता झटकता ते म्हणाले, "माझे असे लाड कधी झाले नाहीत." पुढचे तीन रविवार इंजिनीअर एकेक पान बदलायची आणि बाई खटाऱ्यावर ते उघडून बघायच्या. कुठे जोडाक्षरं फुटत, कुठे चौकोन दिसत, कुठे पान अर्ध्यावर अडून बसे. बाई मुद्रित तपासावं तशी यादी करत आणि तिच्या हातात ठेवत. दुसऱ्या रविवारी इंजिनीअर वैतागून म्हणाली, "काकू, तुम्ही माझ्या साहेब असतात तर मी नोकरी सोडली असती." तरी तिसऱ्या रविवारी ती वेळेआधी पाच मिनिटं दारात हजर.

सोमवारी आजोबांचा फोन आला. पान दिसत होतं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

पुढे जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आठवड्यानं आजोबांनी पुन्हा फोन केला. "चारशे एकोणिसाव्या पानावर तुम्ही 'वाचता आलं नाही' लिहिलंय. ही म्हणते, सोपं आहे. बाबा 'रु' असाच काढायचे, शेपटी गुंडाळून."

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. दोन वर्षं जे डोळे फोडून लागलं नव्हतं ते लख्ख दिसलं. एका बाळंतिणीचं नाव होतं ते. त्यांनी तिसऱ्या नोंदवहीतल्या न लागलेल्या सगळ्या जागांची यादी केली. एकशे सदतीस निघाल्या. मग दर गुरुवारी त्या वृद्धनिवासात जाऊन बसू लागल्या. आजोबा पान उघडत, आजी पडद्यावर बोट ठेवून वाचत, बाई लिहून घेत. आजींना खात्री नसली की त्या मान हलवत आणि पुढे जात. अंदाज बांधायच्या नाहीत, हे बाईंना फार आवडे.

पाचशे साठाव्या पानावर आजींच्या स्वतःच्या जन्माची नोंद लागली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "वार चुकला," म्हणाल्या. "मी मंगळवारची. आई सांगायची. बाबांनी बुधवार लावलाय."

"असेल घाईत," आजोबा म्हणाले.

"घाई कसली! आनंद झाला असेल."

बाईंनी मूळ नोंदीला हात लावला नाही. खाली एक टीप जोडली, "मुलीच्या सांगण्यानुसार जन्म मंगळवारचा," आणि ती खटाऱ्यावर नीट दिसते ना, हे घरी जाऊन पाहिलं.

एकशे सदतीसपैकी ब्याण्णव जागा भरल्या. नंतर आजींना अक्षरही ओळखू येईनासं झालं आणि गुरुवार थांबले. आजोबा मात्र अजून पानं उलटतात, आता चौथ्या वहीतली, दुसऱ्याच कारकुनाच्या अक्षरातली. काही अडलं तर फोन करतात. इंजिनीअरनं कंपनीत रद्द झालेले दोन जुने संगणक मागून आणले आणि वाचनालयाच्या माडीवर मांडले. नवं काही करायचं झालं की ते आधी त्यांच्यावर चालवून बघायचं, असं बैठकीत ठरलं आहे. बाई दर रविवारी यादी करतात. हल्ली ती अर्ध्या पानातच संपते.