दिव्याचा अंगरखा

आमच्या शेजारणीला सगळी गल्ली कात्री म्हणते. ती शिवणकाम करते म्हणून, असं आम्ही तिच्या तोंडावर सांगतो. खरं कारण तिची जीभ. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता नुसत्या नजरेने माप सांगते, आणि वर "मागच्यापेक्षा सुटलीस गं" हे फुकट.

तिचा जीव अंगणातल्या दुधीच्या वेलात. दिवेलागणीला मशीन थांबवून ती पायरीवर बसायची. पांढरी फुलं उमलायची, राखाडी पतंग यायचे आणि फुलाफुलात तोंड खुपसायचे. मग वेल असा लगडायचा की तिला येताना पाहून आम्ही दार लावून घ्यायचो. रोज दुधी कोण खाणार?

पुढे तिच्या दारासमोरच्या खांबावर रस्त्याचा नवा दिवा लागला. पांढराफटक. अंगणात सांडलेली टाचणी दिसावी असा. सर्वांत खूश तिची नणंद, कारण समोरच्या घरात कोण येतं-जातं ते आता खुर्चीतून न उठता दिसायचं. पण पतंग त्या दिव्याभोवतीच गरगरू लागले आणि सकाळी खांबाखाली पंखांचा केर. फुलांकडे कोणी फिरकेना. बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळायला लागले.

नणंद म्हणाली, वेल म्हातारा झाला. हा बहर फुकट गेला तर उपटायचा आणि तिथे स्कूटरसाठी पत्रा टाकायचा. घर नणंदेच्या नावावर, त्यामुळे तिचा शब्द शेवटचा.

खत घाल, अशी अक्कल मीही पाजळली. कात्रीने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. वेलाची एक फांदी भिंतीवरून माझ्या अंगणात, अंधाऱ्या बाजूला उतरली होती आणि तिला चांगले दोन दुधी धरले होते. नणंदेने ते शेजाऱ्याचे म्हणून बाद केले. कात्री मात्र ते दुधी बघून खांबाकडे वळली.

"वेल म्हातारा नाही," ती म्हणाली. "हा वर बसलेला पाहुण्यांना वाटेतच अडवतोय."

नगरपालिकेच्या दिवेवाल्याकडे गेली, तर तो म्हणाला, किड्यांच्या तक्रारी आम्ही घेत नाही. मग तिने जाड काळ्या कापडाचा, आत कॉलरचं कडक कापड घातलेला अंगरखा शिवला. उजेड खाली रस्त्यावर पडावा, अंगणात नको. माप अर्थात जमिनीवरूनच, नजरेने. माझ्या शिडीवर चढून तिने तो चढवला, आणि थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसा तो दिव्याला गुडघ्यापर्यंत आला. गल्लीत काळोख. नणंदेचा पाय थेट बादलीत.

आम्ही पोट धरून हसलो. कात्री हसली नाही. दुसऱ्या दिवशी आयुष्यात प्रथमच गळ्यात टेप घालून शिडी चढली आणि दिव्याची छाती, खांदा, उंची घेतली. दुसरा अंगरखा असा बसला की रस्ता लख्ख आणि अंगण अंधारात. संध्याकाळी पतंग आले.

पाठोपाठ दिवेवालाही आला. "ताई, दिव्याला हात लावायचा नाही."

"हात कुठे लावला? उघडा होता, कपडे घातले."

त्याने ओढून फाडला. तिने त्याच्यासमोरच मशीनवर नवं कापड घेतलं. "तू फाडत राहा, बाबा. माझ्याकडे दोरा पुष्कळ आहे."

तो पुन्हा आला, पुन्हा फाडून गेला. पण मधल्या संध्याकाळी फुकट गेल्या नव्हत्या. काल वेलाच्या मांडवाखाली तिने मला बोटाने दाखवलं. वितीएवढा दुधी, हिरवागार, देठ घट्ट. नणंदेने चष्मा लावून पाहिला, दाबून पाहिला आणि पत्र्याचं नाव न काढता आत गेली.

आता चौथा अंगरखा शिवून होतोय. याला बटणं आहेत. कशाला, म्हणून विचारलं.

"त्याला काढायला बरं. कापड फाडतो मेला," कात्री म्हणाली. "आणि मला घालायला बरं. शिडी आणा."