दीपमाळेचं शिसं

कराडजवळचं मलकापूर सोडलं आणि तासाभरात ऊस मागे पडला. औंधच्या पुढे तर नुसतं माळरान आणि मेंढरं. मी निघाले होते वडूजजवळच्या एका गावाला, शिसं मागायला. वीज पडून तिथली देवीची दीपमाळ ढासळली होती. तिच्या दगडांच्या सांध्यांत पूर्वजांनी ओतलेलं शिसं देवळात पडून होतं.

आमची प्रयोगशाळा एका न दिसणाऱ्या कणाचा शोध घेते. यंत्रात काही ठिणग्या उमटल्या होत्या. त्या कणाच्या, की यंत्राभोवती आडोशाला लावलेल्या नव्या शिशातल्या किरणोत्साराच्या? शेकडो वर्षं जुन्या शिशात तो विझत आलेला असतो. ते मिळालं तरच खरंखोटं कळणार होतं. आमचे साहेब मात्र ‘कण सापडला’ म्हणायला उतावीळ झाले होते. शोधनिबंध मीच लिहीत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही घाई झाली होती.

देवळाचे गुरव आनंदामामा यांनी आधी भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) पुढं ठेवलं. गडबडीत मी जीभ पोळून घेतली.

“त्यो कण कुणी बघितलाय?” मामांनी विचारलं.

“अजून नाही.”

“मग हाय कशावरनं?”

“आकाशगंगेतले तारे इतक्या वेगानं फिरतात, की दिसतं तेवढंच असतं तर ते केव्हाच उधळले असते. काहीतरी त्यांना धरून आहे.”

मामा हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हात जोडले. “लय मोठं काम हाय. पर शिसं देवीचं. तिला इचाराय पायजे.”

गाभाऱ्यात कौल लावला. देवीच्या ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी मनात हसतच बसले होते. अर्धा तास गेला. पाकळीवर नजर लावून बसता बसता माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मीही हेच करत आले होते, न दिसणाऱ्याला प्रश्न विचारून श्वास रोखून बसणं.

डावी पडली.

“परत लावून बघू या ना,” मी म्हणाले.

“ताई, माजी बी इच्छा हुती द्यायची,” मामा म्हणाले. “पर मनाजोगतं येईपातूर इचारायचं, तर मग इचारायचंच कशाला?”

एसटीत खिडकीशी बसून वडूज ते कराड मामांचा प्रश्न मनात घोळवत राहिले. परतल्यावर निबंधातलं ‘सापडला’ खोडलं आणि लिहिलं, ‘या ठिणग्या कशाच्या, हे आम्हांला अजून माहीत नाही.’

साहेब अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. यंत्र चालू आहे. मी रोज सकाळी त्याला विचारते, आणि ते सांगेल तेवढंच लिहून घेते.