शीतलची कट्टी आणि आमची खिरापत

माझ्या मंजिरीच्या भोंडल्याला कुणी आलंच नाही तर? या एका काळजीने मी रात्रभर टक्क जागी! कारण शीतलने तिच्याशी कट्टी केलेली, आणि आमच्या मुलुंडच्या सोसायटीत शीतलने कट्टी केली की सगळ्याच मुली करतात. या आठवीतल्या पोरींचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की नवरा म्हणतो, "पेपर बंद करू या. तुला काय गरज?"

*

कट्टीचं कारण? शीतलच्या नव्या फ्रॉकला मंजिरी म्हणे "पडद्याचं कापड" म्हणाली.

"म्हणालीस?" मी विचारलं.

"नाही गं! वैशाली म्हणाली. मी फक्त हसले."

वैशालीशी मात्र कट्टी नाही. कारण शीतलपर्यंत ही बातमी पोचवली, तीही वैशालीनेच!

*

कट्टी असली म्हणून बोलणं थोडंच थांबतं? जिन्यात दोघी समोरासमोर, मध्ये वैशाली.

"वैशाली, तिला सांग, माझी कंपासपेटी दे."

"वैशाली, तिला सांग, कालच दिली!"

दोघींना सगळं ऐकू येत असतं. तरी वैशाली शब्दन् शब्द पोचवते, वर पदरचं एखादं वाक्य घालून. या मुलीच्या भवितव्याची मला अजिबात काळजी नाही. परराष्ट्र खातं आहेच!

*

शेवटी मी, बी.ए.ला सायकॉलॉजी घेतलेली समंजस आई, शीतलच्या आईकडे गेले. त्या म्हणाल्या, "अहो, मुलींच्या भानगडीत आपण मोठ्यांनी कशाला पडायचं?"

मला एकदम पटलं. मग तासभर आम्ही वैशालीच्या आईबद्दल बोललो.

*

भोंडल्याच्या दिवशी दुपारी वैशाली वाटीभर साखर मागायला आली आणि ओट्याकडे बघत बघत गेली. संध्याकाळी सगळ्या हजर, शीतलसकट! माझा जीव भांड्यात पडला. फेर झाला, गाणी झाली, खिरापत ओळखायची वेळ आली. इतर घरी "गोड की तिखट?" यातच अर्धा तास जातो. शीतलने पहिल्याच फटक्यात सांगितलं, "ओल्या नारळाच्या करंज्या!"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. झालं, वाट लागली! आता माझी पोर रडणार.

मंजिरी शांतपणे म्हणाली, "चूक."

मी दारातून मागे वळून ओट्यावरच्या करंज्यांकडे बघितलं. शिरा? चूक. ढोकळा? चूक. बटाटेवडे, भेळ, साबुदाण्याची खिचडी? चूक, चूक, चूक! शेवटी शीतलला सगळ्यांदेखत "हरलो बाबा" म्हणावं लागलं. तेही थेट मंजिरीला, मध्ये वैशाली न घालता.

मंजिरी ऐटीत स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "आई, घावने किती वेळात होतात गं?"