चिंचवाल्या बाबाच्या दारातले हुसेनभाई

हुसेनभाई म्हणजे माझ्या धंद्याच्या मुळावर उठलेला माणूस. तरी मला तो आवडायचा, हे आधीच सांगून टाकते. अमरावतीहून वलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिंचवाल्या बाबाचा दर्गा आहे. त्याच्या समोर माझं फुलांचं दुकान, आणि माझ्या भिंतीला लागून हुसेनभाईंचं गाद्यांचं. माझी आई सत्यभामा वलगावला मळ्यात गुलाब आणि शेवंती लावते. दर गुरुवारी दर्ग्यावर लोक मन्नतीची चादर चढवतात, आणि फुलांच्या त्या चादरी मी गुंफते. अशा माझ्या शेजारी बसून हा गृहस्थ मांडीवर गादी घेऊन टाके घालता घालता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की, कबरीतल्या माणसाकडे काही मागू नका. आता बोला.

गंमत म्हणजे हुसेनभाई स्वतः त्याच बाबाला मागून घेतलेले. त्यांची आई हलीमाबी, मी तिला खाला म्हणते, तिची आधीची बाळं पाळण्यातच गेली होती. तिनं बाबाच्या चिंचेला चिंधी बांधली आणि हुसेनभाई झाले. मन्नतीच्या पोराच्या डोक्यावर एक बट राखतात. तिला बाबाची चोटी म्हणतात. ती बाबाची अमानत, म्हणजे ठेव. तिला कात्री लावायची नाही, पोरगा मोठा झाला की दर्ग्यात नेऊन, चादर चढवून, तिथंच कापायची. हुसेनभाई शाळेत जाईस्तोवर चोटी मिरवत होते. खाला हे सगळ्यांना सांगायची, त्यांच्यादेखत सांगायची, आणि ते मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसायचे.

लग्नानंतर काही वर्षांनी ते सौदीला सोफे शिवायच्या कारखान्यात गेले. तिथं एका म्हाताऱ्या मौलवीनं त्यांना त्या मुलखाची जुनी गोष्ट सांगितली. ती गोष्ट घेऊनच ते परत आले. घोट्याच्या वर पायजमा, वीतभर दाढी, आणि ही गोष्ट. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मलाही पाठ झाली. अडीच-पावणेतीनशे वर्षांपूर्वी नज्द नावाच्या त्या कोरड्या मुलखात लोक झाडांना चिंध्या बांधत, कबरींना हात लावून औलाद मागत. तिथला एक आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार, उठला आणि म्हणाला, देणारा एकच आहे, मध्ये कुणी नको. त्यानं ते झाड तोडलं, कबरीवरचा घुमट उतरवला. गावानं त्याला हाकललं. सख्खा भाऊ विरोधात गेला. मग दुसऱ्या गावच्या सरदारानं त्याला आसरा दिला आणि तिथून सगळं पसरलं. पसरताना तलवारही चालली, माणसं मेली, पण तेवढा भाग हुसेनभाई भरभर सांगून पुढे जात.

"मंग आमच्या चिंचेवर कुऱ्हाड कधी चालवता?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"झाडानं माहं काय बिघडवलं, ताई?" ते म्हणाले. "लोकाईच्या मनातलं भेव तोडाचं आहे मले. पोरगं शिंकलं का बाबा कोपला, म्हैस आटली का बाबा कोपला. किती भेवाचं मानसानं?"

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटायचा. आमच्याकडे तर भ्यायला देवांची रांगच आहे.

सुरुवात त्यांनी एकट्यानं केली. मोहल्ल्याच्या मशिदीत इमामानं कुराणातली सूरत पढून संपवली की सगळे मनातल्या मनात आमीन म्हणतात. हुसेनभाई मोठ्यानं म्हणाले. नमाजात कुणाला मान वळवता येत नाही, म्हणून सगळ्यांनी नमाज संपल्यावर वळवली. दोन-तीन जुम्म्यांनंतर, म्हणजे शुक्रवारांनंतर, मशीद कमिटीनं त्यांना सांगितलं, तुमची नमाज तुमच्या घरी पढा. ते दुकानात पढू लागले. मोहल्ल्यातला, इंजिनीअर झालेला एक पोरगा, हसनैन, आधी आला, मग आणखी काहीजण. गाद्यांचे गठ्ठे बाजूला सारून ते सफ लावायचे. सफ म्हणजे नमाजाची रांग. या पोरांनी बिनहुंड्याची लग्नं केली, मयताच्या चाळिसाव्याला कर्ज काढून बिर्याणी घालणं बंद केलं. मोहल्ल्यात शिव्याही खाल्ल्या. आज त्या लोकांचा स्वतःचा हॉल आहे, पंखे आहेत, पाटी आहे. पण उगम तिथं, माझ्या भिंतीपलीकडे, कापसाच्या धुळीत.

खाला मात्र हटली नाही. मुलाच्या डोळ्यांदेखत ती दर गुरुवारी माझ्याकडून फुलं घेऊन दर्ग्यावर जायची. गुडघे गेल्यावर माझ्या हाती पाठवायची. मायलेकांत यावरून शब्द होत, पण जेवण एका ताटात. बरेच दिवस असंच चाललं.

मग तौहीदचं झालं. हुसेनभाईंची मुलगी शाइस्ता अकोल्याला दिलेली. तिला फार वर्षांनी मुलगा झाला. हुसेनभाईंनी हौसेनं त्याचं नाव तौहीद ठेवलं, म्हणजे अल्लाह एकच आहे असं मानणं. आणि खालानं, कुणाला न विचारता, त्याच पणतवंडाची मन्नत चिंचवाल्या बाबाला बोललेली होती. अकोल्याच्या सासरच्यांनाही ते मान्य होतं. पोरगा चार वर्षांचा झाला तेव्हा चोटी खांद्याला लागत होती. शाइस्ता माहेरी यायची तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी दाबून बसवायची.

यंदा दिवाळीच्या आधी ती टोपी उडाली, तीही जुम्म्याच्या दिवशी, नमाजानंतर दुकानात सगळी मंडळी बसलेली असताना. हसनैननं पाहिलं आणि नुसता हसला.  ते हसू हुसेनभाईंना लागलं. त्यांनी गादी कापायची मोठी कात्री उचलली, नातवाला मांडीवर घेतलं आणि चोटी कापली. पोरगं खुदखुदत होतं, त्याला गुदगुल्या होत होत्या. मी दारात उभी होते. शाइस्ता मागच्या खोलीतून धावत आली तोवर केस कापसात पडलेले.

"अब्बा, इचारलं तरी असतं," एवढंच ती म्हणाली.

खालाला कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. 

आठवडा झाला नाही तोच तौहीदला ताप भरला. डेंगू निघाला. त्या दिवसांत घरोघरी डेंगू होता, माझ्या भावालाही होऊन गेला होता, पण हे कुणाला ऐकायचं होतं? खासगी दवाखान्यात पोराला काचेआड ठेवलं. प्लेटलेट घसरत चालल्या. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. अकोल्याहून जावई आणि त्याचे भाऊ आले. त्यांनी व्हरांड्यात हुसेनभाईंची कॉलर धरली.

"आमची अमानत होती ते," जावयाचा मोठा भाऊ म्हणाला. "तुमच्या इल्मानं आमचं पोरगं गेलं, तर अमरावतीत राहू देनार नाई तुमाले."

दुसऱ्या बाजूला हसनैन आणि त्याचे सोबती. तेही आले होते. "हुसेनभाई, इम्तिहान आहे हा. आता डगमगाचं नाई. सारा मोहल्ला तुमच्याकडे पाहून राहिला." पोराच्या काचेकडे मात्र त्यांच्यातल्या एकानंही पाहिलं नाही. मला त्यांचा संताप आला.

आणि मधे शाइस्ता. ती बापापुढे बसली आणि म्हणाली, "अब्बा, तुमचं सारं खरं असन. मी वाद नाई करत. पन पोरगा माहा आहे. दादीले एक डाव दर्ग्यावर घेऊन जा. तिच्यानं चालवत नाई." हुसेनभाई उठून गेले.

खालानं मला निरोप पाठवला होता, गुलाबाची पूर्ण चादर कर. गुरुवार होता. दुपारपासून मी गुंफत बसले होते. ऊन उतरताना हुसेनभाई दुकानात आले आणि पालथ्या टोपलीवर बसले. डोळे लाल.

"कोनासाठी आहे हे?"

"खालासाठी." मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर ते उचलून फेकतील अशी भीती वाटत होती.

हुसेनभाईंनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "ताई, मी भेतो."

मी वर पाहिलं.

"इतकी सालं लोकाईले सांगितलं, भेऊ नका. आन् डोळा लागला का मले ते कापलेले केस दिसते. आता पाहा, पोरगा वाचला तर अम्मा म्हनन बाबानं वाचवला. काही झालं त म्हनन, म्या मारला. माह्या अल्लाले जागाच नाई राहिली याच्यात."

"मंग जा ना दर्ग्यावर," मी म्हटलं. "कोनाचं काय जाते?"

"माहं जाते," ते म्हणाले. मग फुलांकडे बघत बोलले, "नज्दच्या त्या आलिमाचा भाऊ त्याच्या उलट गेला, हे मी पोराईले शंभर डाव सांगितलं. त्याची माय काय म्हने, हे कोनी मले सांगितलं नाई. म्याही कोनाले इचारलं नाई."

ते उठले, स्कूटर काढली आणि घराकडे गेले. परत आले तेव्हा मागं खाला बसलेली. मी चादर टोपलीत घालून मागोमाग गेले.

बातमी आधीच पोचली होती. दर्ग्याच्या पायऱ्यांखाली एका अंगाला मोहल्ल्याचे लोक आणि अकोल्याचे भाऊ, दुसऱ्या अंगाला हसनैनची मंडळी, हातात मोबाइल धरून.  मधून वाट होती तेवढीच. त्या वाटेनं हुसेनभाईंनी आईला दोन्ही हातांवर उचललं आणि पायऱ्या चढले.  एक दगड आला असता तर तिथं काय झालं असतं कोण जाणे.

त्या दर्ग्यात बायका कबरीपर्यंत जात नाहीत. उंबऱ्याशी बसतात, आणि चादर घरातला पुरुष आत नेऊन चढवतो. हुसेनभाईंनी आईला उंबऱ्यापाशी टेकवलं. मी टोपली दिली. खालानं चादर ओंजळीत घेतली आणि मुलापुढे धरली.

"तुह्या हातानं चोटी कापली. तुह्याच हातानं चढव. एक डाव म्हन, बाबा, चुकलो. बस."

"अम्मा."

"माह्यासाठी नको. लेकरासाठी म्हन."

हुसेनभाईंच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. ते आईसमोर गुडघ्यांवर बसले. "तुले उचलून आनलं. म्हनशीन त रोज आनीन, पायऱ्याच काय, डोंगर असन तरी आनीन. तुले इचारल्याबिगर कात्री चालवली, ते चुकलं, त्याची माफी तुले मांगतो. शाइस्ताले मांगीन. पन लेकराची जान म्या ज्याले मांगितली, त्यालेच मांगनार. दुसऱ्या कोनाले मांगन्यासाठी तोंड उघडलं, तर ते झूट होईन, अम्मा. झुटानं लेकरू कसं वाचन?"

खालाचे हात तसेच पुढे.  खालून कुणीतरी शिवी घातली. तेवढ्यात आतून मुजावर, म्हणजे दर्ग्याची सेवा करणारा म्हातारा, बाहेर आला. त्यानं खालाच्या ओंजळीतून चादर उचलली आणि आत नेली. हुसेनभाई तिथंच बसून राहिले, आईच्या पायाला हात लावून, तोंड रस्त्याकडे करून. तिचं मागून होईस्तोवर ते हलले नाहीत. मग तिला उचलून खाली आणलं.

तौहीद वाचला. शनिवारी प्लेटलेट चढायला लागल्या. खाला म्हणाली बाबानं, हुसेनभाई म्हणाले अल्लाहनं, आणि डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत. अकोल्याचे भाऊ पोराला घेऊन गेले आणि जाताना हुसेनभाईंशी बोलले नाहीत. बाबाच्या दारात जाऊनही ज्यानं मान वाकवली नाही, त्याची घमेंड गेली नाही, असं मोहल्ल्यात ठरलं.

दुसरा निकाल शेजारच्या दुकानात लागला. पुढच्या जुम्म्याला, नमाजाच्या आधी, हसनैन तिघांना घेऊन आला. चपला काढल्या, सलाम केला, अगदी अदबीनं. म्हणाला, "हुसेनभाई, आमाले हा रस्ता तुमीच दाखवला. पन तुमी शिर्काच्या दारात पाय ठेवला. अल्लाहच्या बरोबरीनं दुसऱ्याले मांगाले मानूस नेलं. साऱ्यासमोर तौबा करा. तोवर आमच्या सफेत उभं राहू नका."

"म्या काय मांगितलं तिथं?" हुसेनभाईंनी विचारलं.

"तुमी नाई मांगितलं. अम्माले नेलं."

हुसेनभाईंनी सुई गादीत खोचली. "मायले उचललं, याची तौबा मी नाई करत, हसनैन. जा तुमी."

ते गेले. मी भिंतीपलीकडून ऐकत होते आणि मला रडू येत होतं. ज्या माणसानं या गावात एकट्यानं आवाज काढला, त्याला आता जुन्या मशिदीतही जागा नव्हती आणि स्वतः उभ्या केलेल्या हॉलमध्येही नाही.

दुपारी अजान झाली. दोन्हीकडून झाली. मी पाणी प्यायला त्यांच्या दुकानात डोकावले. हुसेनभाईंनी गठ्ठे बाजूला सारून चटई टाकली होती आणि एकटेच उभे होते. त्यांच्या मागं, थोडं अंतर ठेवून, खाला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती. डोक्यावर ओढणी घट्ट बांधून, हात छातीशी बांधून, ती त्यांच्या मागं नमाज पढत होती. आदल्याच संध्याकाळी, गुरुवारी, तिनं माझ्या हाती बाबाला शेवंती पाठवली होती.

नमाज संपली. हुसेनभाई मागं न बघता दुआ मागत राहिले. मी खालाला हाताला धरून उठवलं आणि हळूच विचारलं, "खाला, तू कधीपासून यांच्याकडची झाली?"

"मी कोनाकडची नाई व," ती म्हणाली. "त्याच्या मागं कोनी त पाह्यजे ना."