गाऱ्हाण्यात अडकलेला लेसर

देवासमोर मी आगाऊपणा केला आणि त्यापायी साडेपाच वर्षं घरी गेलो नाही. चूक माझी. देवाची नाही, व्हिसा ऑफिसची नाही, प्रोफेसरांची तर नाहीच नाही.

२००१ साली, दसरा झाल्यावर मी तारकर्लीहून निघालो. कणकवलीहून गाडी दुपारची, म्हणून सकाळीच देवळात गाऱ्हाणं ठेवलं होतं. आमच्याकडे कोणी लांब निघालं की एक जाणता माणूस देवाला सगळं तोंडी सांगतो आणि बाकीचे वाक्यावाक्याला होकार भरतात. आमचे दाजीकाका सांगत होते, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू परदेशाक शिकाक जाता हा, त्येका सुखरूप माघारी हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढ्यावर भागलं असतं. पण मी पडलो फिजिक्सचा एम.एस्सी. माझं गाऱ्हाणं इतकं साधं कसं? मध्येच तोंड घातलं, "काका, असा सांगा, लेसर पुरो केल्याशिवाय मी घराचो उंबरो ओलांडूचंय नाय."

काकांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि निमूट ते देवाला सांगून टाकलं. लेसर ही काय वस्तू आहे हे त्या देवळात कुणालाच ठाऊक नव्हतं, देवालाही बहुधा नसावं. तरी वीस-पंचवीस माणसं ओरडली, "व्हय म्हाराजा!" बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर. मी खूश.

जर्मनीतली माझी लॅब तळघरात होती. खिडकी नाही. सकाळी आत शिरलं की बाहेर ऊन आहे की बर्फ, संध्याकाळी कळायचं. तिथे काय चालायचं ते सांगतो. रापण ओढलेल्या माणसाला पटकन समजेल. रापणीत जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावरून दोन बाजूंनी सारख्या जोराने ओढतात, आणि मधली मासळी मधेच राहते. आम्ही अणूंना लेसरने सहा बाजूंनी ओढायचो. खरं तर ढकलायचो. प्रकाशाचा रंग नेमका जुळला की अणू थंड पडून मध्ये थबकतात. अशा पकडलेल्या अणूंवर पुढे बिनचूक घड्याळं, क्वांटम कॉम्प्युटर वगैरे व्हायचं होतं.

पण त्यासाठी लागणारा लेसर होडीएवढा मोठा, थंड ठेवायला अखंड पाणी, आणि किंमत अशी की मालवणात बाजारपेठेत घर यावं. आमच्या प्रोफेसरांचं म्हणणं, हाच लेसर जेवणाच्या डब्यात मावेल एवढा आणि कुठल्याही कॉलेजला परवडेल असा करू. सीडी प्लेअरमध्ये जो मिरीच्या दाण्याएवढा लेसर असतो, तोच घ्यायचा आणि त्याला वळण लावायचं. वळण लावायचं काम माझं.

तो दाणा स्वस्त होता, पण भलताच हळवा. जरा ऊब लागली, टेबलाला धक्का बसला, की रंग बदलून मोकळा. प्रोफेसरांची अट एकच: डबा सलग आठ दिवस एका रंगावर टिकला पाहिजे. मग काम संपलं. मला वाटलं, दीड वर्षात घरी.

दीडाची तीन झाली. डबा सहा दिवस शहाण्यासारखा वागायचा आणि रविवारी सकाळी बिघडायचा. रंग नोंदवणाऱ्या कागदावरची रेघ सरळ यायची, यायची, आणि रविवारी तुटायची. मी चर्चच्या घंटांवर संशय घेतला. घंटा कधी वाजतात ते विचारायला पाद्र्याकडे जाऊन आलो. भिंतींना फोम लावला. डबा नव्याने बांधला, अकरा वेळा. शेवटी शेवटी वाटायचं, सहा बाजूंनी कोंडलंय ते मलाच.

रविवारी मी घरी फोन करायचो. आधी हॉस्टेलच्या पॅसेजमधून करत होतो, पण शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून रिकाम्या लॅबमधून करू लागलो. (हे वाक्य वाचताना तुम्हाला जे समजलं, ते मला समजायला तीन वर्षं लागली.) आये फोनवर, बाबा तिच्या मागे उभे. आये विचारायची, "जेवलंस? तुझा काम झाला?"

"नाय गो आये!"

तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, "बापसाक झटको इलो. उजवो हात गेलो त्यांचो." ज्या हाताने त्यांनी तीस वर्षं रापणीचा दोर धरला, तो हात. माझ्या तोंडून निघालं, "मी येव?"

मग, "तुझा काम झाला?"

"नाय."

तिने फोन ठेवला. आये मला गाऱ्हाण्याची आठवण देतेय असं मी धरून चाललो. आणि खरं सांगू? मला ते सोयीचं पडलं. गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्ही ओळखाल हे. रिकाम्या हाताने घरी जाण्यापेक्षा देवाने अडवलंय असं म्हणणं सोपं. मी तळघरात उतरलो आणि डबा बाराव्यांदा उघडला.

आमच्या वर्कशॉपमधल्या उर्सुलाबाई एका रविवारी विसरलेली छत्री न्यायला आल्या. मी फोनवर होतो. फोन ठेवला तरी त्या दारातच, नजर पकडलेले अणू दाखवणाऱ्या स्क्रीनवर. मी डबा पुन्हा रंगावर आणला. पांढरा ठिपका उमटला.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तेच. मघाशी जे ओरडलास."

मी म्हटलं, "आये!"

ठिपका गेला.

तीन वेळा करून पाहिलं. आमच्याकडे समोरच्या माणसाशीही तो लांब होडीत असल्यासारखं बोलतात. त्यात हजारो मैलांवरची आई, म्हणून मी आणखी जोर लावायचो. मला सुटता येत नव्हतं, पण माझ्या हाकेने अणू दर रविवारी सुटत होते.

पुढच्या रविवारी मी फोन केला नाही. आये दिवसभर फोनपाशी बसून होती, हे मागाहून कळलं. इकडे रेघ आठ दिवस सरळ आली. मग डब्याला आवाज लागू नये म्हणून जाड पेटी करणं, लेख, परीक्षा यात आणखी दोन वर्षं गेली, आणि २००७च्या मे महिन्यात मी घरी पोचलो.

उंबऱ्याबाहेरूनच ओरडलो, "काम पुरा झाला!" बाबा पडवीत बसले होते. उजवा हात मांडीवर, ठेवून दिल्यासारखा. दाजीकाका आले. म्हणाले, "बापूस पडलो तेवा खंय होतंस?"

"गाऱ्हाणा होता मां, काका."

"अरे येड्या, गाऱ्हाणा फिरवूक येता. एक नारळ लागतो. तू सांगलं असतंस तर त्याच दिवशी फिरवलं असतंय."

मी आयेकडे वळलो. "मगे तू माका सांगूक नाय ता? उलट काम झाला काय म्हणान इचारलंस!"

"इचारलंय," ती म्हणाली. "येव नको म्हटलंय काय? आमका वाटला, तुकाच येवचा नाय."



आता २०१० आहे. मी पुण्यात असे डबे बनवतो; कॉलेजांना परवडतात. कामाच्या जागी कुजबुजत बोलतो, सवयच झाली. दर दोन महिन्यांनी तारकर्लीला जातो, बाबांच्या डाव्या हाताशेजारी रापणीच्या दोराला हात लावतो. परवा पडवीत बसून मी त्यांना मोठ्या आवाजात समजावत होतो की घर म्हणजे दुसरं काही नाही बाबा, आपल्या आवाजाने जिथे काहीच बिघडत नाही, ती जागा.

बाबांनी डावा हात वर करून मला थांबवलं.

"तुझ्या मशिनीक जा कळला, ता तुका अजून कळूक नाय," ते म्हणाले. "हळू बोल."